पूर्णियात रेणू वाचताना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कादंबरी कोणती वाचावी याची चर्चा अभ्यासवर्गांतून होते. ती कोठे बसून वाचावी, याची सहसा होत नाही. साहित्यशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न गौणच मानला जाईल. राजकीय कार्यकर्त्याच्या दृष्टीने तो गौण नाही. फणीश्वरनाथ रेणू यांची ‘मैला आँचल’ पुण्यात वा दादरला बसून वाचणारा रसिक आणि दिवसभर टोल्याटोल्यांतून हिंडून आल्यावर रात्री पूर्णिया जिल्ह्यातील एखाद्या गावी तीच उघडणारा कार्यकर्ता, हे दोघे एकच पुस्तक वाचीत नसतात.

पुण्याच्या रसिकाला तीत लोकगीते भेटतात, मातीचा वास भेटतो, ढोलकीचा ठेका भेटतो. रेणूंच्या कथेवरून निघालेला ‘तीसरी कसम’ हा १९६६ चा चित्रपट त्याने पाहिलेला असतो, आणि हिरामन गाडीवान त्याच्या मनात कायमचा बसलेला असतो. त्यात वावगे काही नाही. मराठी वाचकाला प्रादेशिक कादंबरी नवी नव्हती. श्री. ना. पेंडसे यांचा ‘गारंबीचा बापू’ १९५२ मध्ये आला, ‘मैला आँचल’ १९५४ मध्ये, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये. बनगरवाडीत बाहेरून शिक्षक येतो, रेणूंच्या मेरीगंजात बाहेरून डॉक्टर येतो. गाव आधी त्याला संशयाने न्याहाळते आणि मग हळूहळू आपला म्हणते. ही सारी साम्ये खरी आहेत. परंतु बनगरवाडीत राजकीय पक्ष नाहीत. मेरीगंजात ते आहेत, आणि त्यांत समाजवादी पक्ष आहे. हा फरक येथे जमलेल्यांच्या कामाचा आहे.

महाराष्ट्रातील समाजवाद्यांचा बिहारशी संबंध जुना. मधू लिमये १९६४ आणि १९६७ मध्ये मुंगेरहून, तर १९७३ आणि १९७७ मध्ये बांक्याहून लोकसभेवर गेले. ते मतदारसंघ गंगेच्या दक्षिणेचे; पूर्णिया उत्तरेचे. उत्तरेस नेपाळ, पूर्वेस बंगाल आणि एकेकाळचा पूर्व पाकिस्तान, पश्चिमेस मिथिला आणि दक्षिणेस गंगेपलीकडे संथाळ परगणा, अशा चौकटीत हा जिल्हा वसला आहे. पुढे त्याचे तुकडे झाले. १९७३ मध्ये कटिहार निघाले, १९९० मध्ये अररिया आणि किशनगंज निघाले. रेणूंचे औराही हिंगना हे गाव आता अररिया जिल्ह्यात मोडते.

रेणू हे कादंबरी लिहिण्यासाठी खेड्याचा अभ्यास करावयास गेलेले लेखक नव्हते. १९४२ च्या आंदोलनात ते तुरुंगात गेले, समाजवादी पक्षाचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले, १९५०-५१ मध्ये राणाशाहीविरुद्धच्या नेपाळच्या लढ्यात ते कोइराला बंधूंसमवेत उतरले. पाटण्याहून निघणाऱ्या पक्षाच्या ‘जनता’ साप्ताहिकात त्यांनी कोसीच्या पुराविषयी आणि पूर्णियातील दुष्काळाविषयी लिहिले. पक्षाच्या साप्ताहिकांची पाने ज्यांना रुक्ष वाटतात त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की हिंदीतील एका थोर कादंबरीकाराचा हात अशाच पानांवर बसला.

या जिल्ह्याने आणखीही एक समाजवादी कादंबरीकार दिला आहे. सतीनाथ भादुडी हे बंगालीत लिहीत. ते जिल्हा काँग्रेसचे चिटणीस होते. स्वातंत्र्यानंतर काँग्रेस सोडून समाजवादी पक्षात आले. त्यांची ‘जागरी’ भागलपूरच्या तुरुंगात लिहिली गेली, आणि त्याच तुरुंगात तरुण रेणूही होते. गुरुशिष्यांचे हे नाते स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता कादंबरी तेथेच बसून वाचण्याने नेमके काय होते, ते पाहू. पहिली गोष्ट भाषेची. रेणूंच्या गावात गांधीजींचे ‘गन्ही महातमा’ होते आणि जिल्हा बोर्डाच्या व्हाइस-चेअरमनचा ‘भैंसचरमन’ होतो. शहरातील वाचक येथे हसतो, आणि लेखकाच्या विनोदबुद्धीला दाद देतो. गावात राहून वाचणाऱ्या कार्यकर्त्याच्या ओठांवरचे हसू मात्र लवकर मावळते. दुपारी सभेत त्याने ‘उत्पादनसाधनांचे सामाजिकीकरण’ असे काही म्हटलेले असते, आणि संध्याकाळी ते शब्द चावडीवर कोणत्या रूपाने फिरत आहेत हे त्याने ऐकलेले असते. त्याला कळते, की रेणूंनी विनोद केलेला नाही. पक्षाचा शब्द गावात पोहोचेपर्यंत त्याचे काय होते याचा अहवाल दिला आहे. कादंबरीच्या आरंभीच मलेरिया केंद्रासाठी पाहणीला आलेली माणसे येतात, आणि गावाला वाटते लष्कर आले! ४२ साली वर्दीतल्या माणसांनी काय केले ते गाव विसरलेले नसते. शासनाचे चांगले कामही गावात आधी भीतीच्या वेषात शिरते. जिल्हा कचेरीतील कोणत्याही टिपणात ही गोष्ट सापडत नाही.

दुसरी गोष्ट टोल्यांची. मेरीगंज एक गाव नाही. कायस्थांचा टोला वेगळा, राजपुतांचा वेगळा, यादवांचा वेगळा. तत्मा, पोलिया आणि इतर श्रमिक जातींचे टोले निराळे. आणि गावाच्या कडेला, गावात असूनही नसल्यासारखे, संथाळ. पुण्याच्या वाचकाला आरंभीची ही यादी कंटाळवाणी वाटते, तो ती भराभर उलटतो. पूर्णियात तीच यादी वाटाड्या होते. नवख्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोणत्या पक्षाचे?’ असा नसतो, ‘कोणाकडे उतरलात?’ असा असतो. त्या एका उत्तराने पुढच्या सहा महिन्यांतील सभांची उपस्थिती ठरून गेलेली असते. डॉ. लोहियांनी जातीचा प्रश्न समाजवादी राजकारणाच्या मध्यभागी आणला आणि मागासांना साठ टक्के जागांची मागणी पक्षाच्या कार्यक्रमात घातली, ती पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे. रेणूंची कादंबरी त्याच्या आधीची आहे. पक्षाच्या ठरावांत वर्ग होता तेव्हा कार्यकर्त्याच्या कादंबरीत जात होती, एवढे म्हटले तरी पुरे.

कालीचरणाची कथा मात्र इतक्या थोडक्यात आटोपता येणार नाही. कालीचरण हा यादव टोल्यातील तरुण. शरीराने दणकट, मनाने सरळ, आणि पक्षावर भाबडा विश्वास ठेवणारा. तो पक्षात येतो तो पुस्तके वाचून नव्हे. जमीन कसणाऱ्याची असावी, हे एवढेच त्याला समजलेले असते आणि ते त्याला पुरेसे वाटते. त्याच्या भोवती जमलेली पोरे मात्र त्याच्याइतकी सरळ नसतात. काही साथीदार दरोड्यात सापडतात आणि आळ कालीचरणावर येतो. तो तुरुंगातून पळतो, पण जीव वाचविण्यासाठी नाही. जिल्ह्याच्या चिटणिसाला भेटून आपण निर्दोष आहोत हे सांगावे, एवढ्यासाठी पळतो. शिक्षेपेक्षाही पक्ष आपल्याला दरोडेखोर समजेल याची त्याला धास्ती असते. आणि चिटणीस त्याला दारातून हाकलून लावतो.

हा प्रसंग मुंबईत वाचला तर करुण वाटतो. जिल्ह्यात काम करीत असताना वाचला तर तो अस्वस्थ करतो. कारण चिटणिसाच्या बाजूनेही बोलता येते. पक्षाचे नाव राखावयाचे आहे, निवडणूक तोंडावर आहे, पोलिसांना निमित्त हवेच आहे. फरारी आरोपीला घरात कसा घ्यावा? प्रत्येक जिल्हा कचेरीत हा युक्तिवाद कधी ना कधी झालेला असतो. रेणू चिटणिसाला खलपुरुष करीत नाहीत. ते फक्त कालीचरणाला त्या दारापर्यंत नेतात आणि दार बंद झाल्याचे सांगतात. पक्षाने सदस्यनोंदणी वाढविली पण सदस्याला घडविले नाही, त्याच्या उत्साहाचा उपयोग करून घेतला पण त्याच्या अडचणीत त्याची ओळखही दिली नाही, हा आरोप विरोधकाने केला असता तर पक्षाने खोडून काढला असता. तो केला स्वतःच्याच माणसाने, आणि तोही बावन्न सालाच्या सुमारास सक्रिय पक्षकार्यापासून दूर झाल्यावर. त्या काळी काही समाजवाद्यांना ही कादंबरी रुचली नसेल तर नवल नाही.

परंतु यापेक्षाही कठोर पान संथाळांचे आहे. जंगल तोडून ज्यांनी जमीन लागवडीला आणली त्यांचा त्या जमिनीवर हक्क नाही, असे मेरीगंजचे वास्तव आहे. संथाळ हक्क मागतात. तहसीलदार विश्वनाथप्रसाद मोठ्या हुशारीने गावाला समजावतो, की हे लोक बाहेरचे आहेत. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे टोले त्या दिवशी एक होतात, आणि ज्यांना पक्षाचे नवे वारे लागले आहे तेही संथाळांच्या बाजूने उभे ठाकत नाहीत. मारामारी होते, माणसे मरतात, खटला चालतो. शिक्षा संथाळांना होते.

ज्याला हा कादंबरीकाराचा अतिरेक वाटत असेल त्याने १९७१ साल आठवावे. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात पूर्णिया जिल्ह्यातच, रूपसपूर-चंदवा येथे, जमिनीच्या तंट्यातून संथाळ वस्तीवर हल्ला झाला आणि चौदा संथाळ मारले गेले. कादंबरी प्रसिद्ध होऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. तिच्या आवृत्त्या निघाल्या होत्या, ती विद्यापीठांतून अभ्यासली जात होती, लेखकाला १९७० मध्ये पद्मश्री मिळालेली होती. प्रदेशाला आपल्या कादंबरीकाराचा अभिमान होता. फक्त त्याने जे सांगितले होते ते कोणी मनावर घेतले नव्हते.

बटाईने कसणाऱ्याचा प्रश्न त्यानंतरही तसाच राहिला. सीमेपलीकडे पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून बर्गादारांची नोंद सुरू झाली आणि सुमारे चौदा लाख नावे कागदावर आली. अलीकडे बिहारमध्ये २००६ साली डी. बंदोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली भूमिसुधार आयोग नेमला गेला. त्याने २००८ मध्ये बटाईदारांच्या संरक्षणासाठी कायद्याची शिफारस केली, आणि शासनाने ती बाजूस ठेवली. दोन्ही राज्यांच्या शेतांमध्ये कित्येक ठिकाणी एका बांधाचेच अंतर आहे. त्या बांधावर उभे राहून ‘मैला आँचल’ वाचणाऱ्याला आंचलिकतेची व्याख्या करण्यात फारसा रस उरत नाही.

डॉक्टर प्रशांतविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण बाहेरून येऊन त्या प्रदेशात राहणाऱ्याचा तो कादंबरीतील प्रतिनिधीच आहे. परदेशी शिष्यवृत्ती नाकारून तो मलेरिया आणि काळा आजार यांच्या संशोधनासाठी मेरीगंजला येतो. गावचा जोतखी सांगत फिरतो, की डॉक्टरच रोग पसरवितो. सूक्ष्मदर्शकातून पाहता पाहता प्रशांत या निष्कर्षाला येतो, की येथील रोगाचे खरे जंतू दोन : गरिबी आणि अज्ञान. वाक्य म्हणून हे आता गुळगुळीत झाले आहे. व्यासपीठावरून ते इतक्यांदा बोलले गेले, की ऐकणाऱ्याच्या मनात काहीच हलत नाही. पण काळ्या आजाराचा पुढला इतिहास पाहा. मलेरियासाठी डीडीटीची फवारणी झाली तेव्हा काळा आजारही ओसरला होता. फवारणी थांबली आणि सत्तरीच्या दशकात त्याने बिहारमध्ये पुन्हा साथीचे रूप घेतले. ज्या बारीक माशीमुळे तो पसरतो ती ओलसर मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गुरांच्या गोठ्याशी वाढते. पक्क्या घरात राहणाऱ्याच्या वाट्याला तो आजार क्वचित येतो. एकविसावे शतक उजाडल्यावरही या पट्ट्यात मुसहरांच्या वस्त्यांवर त्याचा मुक्काम होता. प्रशांतचे गुळगुळीत वाक्य त्या भेगांजवळ बसून वाचले म्हणजे पुन्हा खडबडीत होते.

येथवर प्रदेशाने कादंबरीची साक्ष दिली. पण तेथे राहून वाचणाऱ्याला उलटही दिसते. प्रदेश कादंबरीकाराला दुरुस्त करतो. ‘मैला आँचल’च्या शेवटी तहसीलदाराचे मन पालटते आणि तो जमिनीचा काही भाग परत देऊ करतो. भूदानाच्या वाऱ्याचे ते दिवस होते. बिहारमध्ये भूदानात वीस लाखांहून अधिक एकर जमीन जाहीर झाली. तीतील मोठा भाग वाटण्याजोगा नव्हता किंवा वाटला गेला नाही. पूर्णियात बसून हा शेवट वाचताना वाटते, की तीनशे पाने तहसीलदाराला इतके नेमके ओळखणाऱ्या लेखकाने शेवटी त्याला थोडी जास्तच सूट दिली.

कोसीच्या बाबतीत ही दुरुस्ती अधिक मोठी आहे. गेल्या अडीच शतकांत कोसी शंभरावर किलोमीटर पश्चिमेकडे सरकत गेली, आणि मागे वाळूचे विस्तीर्ण पडीक रान टाकीत गेली. रेणूंची दुसरी मोठी कादंबरी ‘परती : परिकथा’, १९५७ ची, या पडीक जमिनीचीच कथा आहे. जमिनीची मोजणी सुरू होताच भाऊ भावावर, कूळ मालकावर, टोला टोल्यावर कसा उठतो याचे तिच्यातील चित्रण आजही कोणत्याही महसुली अधिकाऱ्याने वाचावे असे आहे. पण तिची आशा कोसी योजनेवर टेकलेली आहे. नेपाळशी करार एप्रिल १९५४ मध्ये झाला होता, तटबंध उभे राहत होते, आणि नदी बांधली की परती हिरवी होणार, हा त्या पिढीचा विश्वास होता. तो एकट्या रेणूंचा नव्हता. समाजवादी असोत, काँग्रेसचे असोत, साम्यवादी असोत, सारेच तेव्हा धरणाकडे आणि कालव्याकडे श्रद्धेने पाहत होते.

पुढे काय झाले ते पूर्णियात आणि सहरशात लहान मूलही सांगते. दोन तटबंधांच्या मध्ये शेकडो गावे अडकली; त्यांना दरवर्षी पूर येतो. बाहेरच्या जमिनीत पाणी तुंबून राहू लागले. नदीचा गाळ मात्र बांधला गेला नाही. तो आतच साचत राहिला आणि पात्र वर उचलत राहिला. १९८४ मध्ये सहरशाजवळ नवहट्ट्याला तटबंध फुटला. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे फुटला, आणि कोसी आपल्या जुन्या, पूर्वेकडच्या वाटांनी सुपौल, मधेपुरा, अररिया, पूर्णिया या जिल्ह्यांत शिरली. तीस लाखांवर लोकांना त्याची झळ पोहोचली. ज्या परतीला रेणूंनी हिरवे होताना पाहिले होते तिच्यातल्या कित्येक शेतांवर पुन्हा वाळू बसली. २००८ नंतर त्या प्रदेशात ‘परती : परिकथा’ वाचणे हा अवघड अनुभव आहे. तरीही ती वाचावी. त्या पिढीचा विश्वास किती निर्मळ होता आणि तो कोठे चुकला, या दोन्ही गोष्टी तिच्यात एकत्र सापडतात. ‘जनता’तल्या पुराच्या वार्तापत्रांत नदी कशी वागते याचे जे भान होते ते कादंबरीतील योजनेच्या उत्साहात काहीसे मागे पडले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

लेखकाचे स्वतःचे काय झाले? १९७२ मध्ये रेणू फारबिसगंज मतदारसंघातून बिहार विधानसभेसाठी अपक्ष उभे राहिले. चिन्ह होते नाव. समोर काँग्रेसचाही उमेदवार जुना सहकारी, समाजवादी पक्षाचाही जुना सहकारी. ज्या माणसाने त्या भागातील प्रत्येक टोल्याचे गाणे कागदावर उतरविले त्याला त्या टोल्यांनी मते दिली नाहीत. शहरातील साहित्यिकांना हा कृतघ्नपणा वाटला. जातीची आणि पैशाची गणिते होतीच. पण एक साधी गोष्टही होती. मतदाराने रेणूंची कादंबरी वाचलेली नव्हती, आणि वाचली असती तरी मत कादंबरीला द्यावे असा काही नियम नाही. रेणूंनीही प्रदेशावर रुसून लिहिणे सोडले नाही. १९७४ च्या आंदोलनात ते जयप्रकाशांबरोबर रस्त्यावर उतरले, तुरुंगात गेले, ४ नोव्हेंबरला पाटण्यात जयप्रकाशांवर लाठी चालल्यावर त्यांनी पद्मश्री परत केली आणि राज्य सरकारचे दरमहाचे मानधनही नाकारले. आणीबाणी उठली, निवडणुकांचे निकाल लागले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ११ एप्रिल १९७७ रोजी, त्यांचे निधन झाले.

या अभ्यासवर्गातून जे बिहारमध्ये जातील त्यांच्यासाठी शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. २०११ च्या जनगणनेत पूर्णिया जिल्ह्यातील साक्षरता एक्कावन्न टक्क्यांच्या आसपास होती. स्त्रियांची त्याहून बरीच कमी. म्हणजे ज्यांच्यावर ही कादंबरी लिहिली गेली त्यांतील फार मोठ्या समूहाला ती वाचता येत नाही. ऐकता मात्र येते. रेणूंची भाषा मुळात ऐकण्यासाठीच आहे. तेव्हा संध्याकाळी दोन-चार पाने मोठ्याने वाचावीत. प्रशांत आणि कमली यांच्या प्रेमकथेपासून आरंभ केला तर श्रोते पुष्कळ जमतील. संथाळांच्या प्रकरणापासून आरंभ करावयाचा असेल, तर ते वाचन गावात कोणाच्या ओसरीवर करता येईल आणि तेथे संथाळांना बसावयाला कोणती जागा मिळेल, हे आधी विचारून पाहावे.